रोजगार धोरणाचा समन्वय: आधी मजुरांच्या नोंदी जुळवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्याराज्यांतल्या रोजगाराचा विषय निघाला की ‘युरोपातल्या सत्तावीस देशांना एक रोजगार धोरण जमते, मग आपल्याला एका देशात का जमू नये?’ असा प्रश्न हमखास येतो. प्रश्नामागची तळमळ खरी आहे, त्यातली माहिती मात्र चुकीची आहे. युरोपीय संघाला एकच एक रोजगार धोरण नाही. कामावरून कमी करण्याचे नियम, बेकारी भत्त्याची रक्कम, तो किती महिने द्यायचा, निवृत्तीचे वय, हे सगळे आजही प्रत्येक देश आपापले ठरवतो. संघाच्या कराराच्या कलम १४९ मध्ये तर स्पष्टच म्हटले आहे की, रोजगारासाठी प्रोत्साहनपर उपाय योजता येतील, पण त्यांच्या आडून सदस्य देशांचे कायदे एकसारखे करता येणार नाहीत.

युरोपने दोन वेगवेगळी कामे केली आणि आपल्याकडच्या चर्चेत त्यांची सरमिसळ होते. पहिले काम उद्दिष्टे, अहवाल आणि शिफारशींचे. दुसरे काम एका देशातून दुसऱ्या देशात गेलेल्या कामगाराचे कमावलेले हक्क त्याच्याबरोबर पोहोचवण्याचे, आणि हे कायद्याने बंधनकारक. पहिल्याची प्रसिद्धी मोठी, परिणाम बेताचा. दुसरे रुक्ष आहे, फॉर्म आणि दाखल्यांत अडकलेले आहे, पण कामगाराच्या हातात पैसे पडतात ते त्याच्यामुळे. गुजरात आणि मध्य प्रदेशातल्या बडोदा, दाहोद, झाबुआ आणि अलीराजपूर या पट्ट्याला आज नेमके हे दुसरे काम हवे आहे, असे आमचे ठाम मत आहे. ते का, हे जरा तपशिलात सांगावे लागेल.

पहिल्या कामाचा इतिहास असा. १९९० च्या दशकाच्या मध्यात पश्चिम युरोपात बेकारी दहा टक्क्यांच्या आसपास ठाण मांडून होती. त्याच वेळी सामाईक चलनाची तयारी चालू होती. चलन एक झाले की व्याजदर आणि विनिमय दर ही दोन्ही साधने देशांच्या हातून जाणार, मग एखाद्या देशात बेकारी उसळली तर त्याने करायचे काय, ही चिंता होती. म्हणून १९९७ च्या ॲम्स्टरडॅम करारात रोजगाराचे स्वतंत्र प्रकरण घातले गेले. करार लागू व्हायला १ मे १९९९ उजाडले, पण तोवर न थांबता नोव्हेंबर १९९७ मध्ये लक्झेंबर्गला खास शिखर बैठक घेऊन कामाला सुरुवात झाली. तिथे ठरलेल्या गोष्टी मोजता येण्याजोग्या होत्या: बेकार तरुणाला सहा महिन्यांच्या आत आणि प्रौढाला बारा महिन्यांच्या आत काम, प्रशिक्षण किंवा तत्सम नवी संधी द्यायची, आणि बेकारांपैकी निदान २० टक्के लोकांना प्रशिक्षणासारख्या उपायांखाली आणायचे.

आज संघाच्या सध्याच्या करारातल्या कलम १४८ खाली चालणारे चक्र साधारण असे फिरते. युरोपीय आयोग, म्हणजे संघाची कार्यकारी यंत्रणा, मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा मांडतो. युरोपीय संसद आणि रोजगार समितीचे मत घेऊन सदस्य देशांच्या मंत्र्यांची परिषद तो विशेष बहुमताने, म्हणजे निदान ५५ टक्के देश आणि ६५ टक्के लोकसंख्या एवढ्या पाठिंब्याने, मंजूर करते. रोजगार समितीत प्रत्येक देशाचे दोन आणि आयोगाचे दोन सदस्य असतात. शरद ऋतूत संयुक्त रोजगार अहवाल येतो, वसंतात प्रत्येक देश आपला कार्यक्रम पाठवतो, उन्हाळ्यात देशनिहाय शिफारशी निघतात. मधल्या काळात एका देशाचे अधिकारी दुसऱ्या देशाची कामगिरी तपासतात आणि तोंडावर प्रश्न विचारतात. शिफारस पाळली नाही म्हणून या प्रकरणाखाली दंड होत नाही.

याचे फळ काय मिळाले? मार्च २००० मध्ये लिस्बनला ठरले की २०१० पर्यंत १५ ते ६४ वयोगटातले ७० टक्के लोक आणि ६० टक्के स्त्रिया कामात असाव्यात. पुढच्या वर्षी स्टॉकहोमला ५५ ते ६४ वयोगटासाठी ५० टक्क्यांची भर पडली. २०१० उजाडले तेव्हा एकूण प्रमाण ६४ टक्क्यांच्या घरात होते, स्त्रियांचे ५८ च्या आणि ज्येष्ठांचे ४६ च्या आसपास. मंदी हे एक कारण, पण २००८ च्या चांगल्या काळातही एकूण आकडा ६६ च्या पुढे गेला नव्हता. पुढच्या दशकासाठी ७५ टक्क्यांचे उद्दिष्ट घेतले, पण वयोगट बदलून २० ते ६४ केला. शाळा-कॉलेजातली मुले वगळली की प्रमाण आपोआप वर जाते, त्यामुळे ७० आणि ७५ या आकड्यांची थेट तुलना करू नये. भाषणांत ती सर्रास होते. सध्याचे उद्दिष्ट २०३० पर्यंत ७८ टक्क्यांचे आहे.

ही पद्धत ढिली पडते त्यामागे ठरावीक कारणे आहेत. अहवाल लिहिते कामगार खाते, तिजोरीच्या किल्ल्या असतात अर्थ खात्याकडे. शिफारशीची भाषा सगळ्यांना मान्य व्हावी म्हणून इतकी मऊ होते की कोणतेही सरकार आपण ती पाळतच आहोत असे दाखवू शकते. शिवाय देशाच्या संसदेत तिच्यावर चर्चा क्वचितच होते. स्पेनचे उदाहरण घ्या. तिथे नोकरदारांपैकी जवळपास चौथा हिस्सा मुदतीच्या करारावर असे, आणि हे प्रमाण कमी करा अशी शिफारस वर्षानुवर्षे होत राहिली. कायद्यात ठोस बदल झाला तो डिसेंबर २०२१ मध्ये, आणि तेव्हा तो बदल कोविडनंतरच्या पुनर्बांधणी निधीचे हप्ते मिळवण्याच्या टप्प्यांपैकी एक होता. २०२० मध्ये कामगारांना घरी न पाठवता कमी तासांवर ठेवण्यासाठी संघाने देशांना कर्ज देण्याची योजना काढली. १९ देशांनी मिळून सुमारे ९८ अब्ज युरो उचलले आणि कामावरची माणसे कामावर राहिली. तिथेही कागदामागे पैसा उभा होता.

पैसा असूनही तो कोणत्या वेळी येतो यावर किती अवलंबून असते, हे युवा हमी योजनेने दाखवले. एप्रिल २०१३ ची ही शिफारस: शिक्षण सुटल्यापासून किंवा बेकार झाल्यापासून चार महिन्यांच्या आत २५ वर्षांखालील प्रत्येकाला नोकरी, पुढचे शिक्षण, उमेदवारी किंवा प्रशिक्षणार्थी जागा यांपैकी चांगला देकार मिळालाच पाहिजे. (२०२० मध्ये वयाची मर्यादा ३० वर नेली.) ग्रीस आणि स्पेनमध्ये तेव्हा काम शोधणाऱ्या तरुणांपैकी निम्म्याहून अधिक बेकार होते. युवकांची बेकारी २५ टक्क्यांहून जास्त असलेल्या प्रदेशांसाठी ६ अब्ज युरो बाजूला काढले गेले, पण नियम असा की देशाने आधी खर्च करायचा आणि मग भरपाई मागायची. ज्यांची तिजोरी रिकामी होती त्यांना सुरुवातच करता येईना. अखेर २०१५ मध्ये आगाऊ रकमेचा वाटा एक-दीड टक्क्यावरून ३० टक्क्यांपर्यंत वाढवावा लागला. दुसरी अडचण मोजणीची. चार महिन्यांचे घड्याळ प्रत्यक्षात रोजगार कार्यालयात नाव नोंदवल्यापासून चालते. ज्याने नाव नोंदवले नाही तो तरुण आकड्यांतही नाही आणि देकारातही नाही.

तरी पहिल्या कामातून एक गोष्ट भक्कम उभी राहिली, ती म्हणजे समान मोजमाप. बेकार कोण, याची व्याख्या सर्व सदस्य देशांत एक आहे: पाहणीच्या आठवड्यात एक तासही काम न केलेला, मागच्या चार आठवड्यांत काम शोधलेला आणि दोन आठवड्यांत कामावर यायला तयार असलेला. आपल्याकडेही श्रमशक्ती पाहणी देशभर एकाच पद्धतीने होते, पण ‘नेहमीची स्थिती’ आणि ‘चालू आठवड्याची स्थिती’ हे दोन निकष वेगळे आकडे देतात. नेहमीच्या स्थितीत वर्षातल्या थोड्या दिवसांचे कामही मोजले जाते, म्हणून बेकारी कमी दिसते. एका राज्याने एक आणि दुसऱ्याने दुसरा आकडा पुढे करून वाद घालणे थांबले तरी पुष्कळ साधेल. वर्तमानपत्रांनीही आकड्याशेजारी निकष छापावा, ही आग्रहाची विनंती.

आता दुसरे काम. युरोपातला क्रम मुद्दाम पाहण्यासारखा आहे. रोजगाराची सामाईक उद्दिष्टे आली १९९७ मध्ये. स्थलांतरित कामगारांच्या सामाजिक सुरक्षेचा नियम आला १९५८ मध्ये. सहा देशांच्या आर्थिक समुदायाने केलेल्या अगदी पहिल्या नियमांपैकी तो होता, क्रमांक ३. इटलीचे मजूर तेव्हा बेल्जियमच्या कोळसा खाणींत उतरत होते. ८ ऑगस्ट १९५६ रोजी मार्सिनेलच्या खाणीत आग लागून २६२ माणसे गेली, त्यांतले १३६ इटालियन होते. अशा माणसाच्या विधवेला कोणत्या देशाने किती द्यायचे, हा प्रश्न त्या काळी पुस्तकी नव्हता. त्या नियमाची जागा १९७१ मध्ये दुसऱ्या नियमाने घेतली आणि मे २०१० पासून ८८३/२००४ हा नियम चालतो. यात कोणत्याही देशाची योजना बदललेली नाही. योजनांमधले सांधे तेवढे जोडले आहेत.

त्यातली मुख्य तत्त्वे साधी आहेत. एका वेळी एकाच देशाचा कायदा लागू, आणि तो सर्वसाधारणपणे काम जिथे चालते तिथला. परदेशी म्हणून भेदभाव नाही. एका देशात भरलेला विम्याचा काळ दुसऱ्या देशात धरला जातो. आणि रोख लाभ सीमेपलीकडे राहणाऱ्यालाही मिळतो.

तिसऱ्या तत्त्वाचे गणित पाहू. स्पेनमध्ये निवृत्तिवेतनासाठी निदान १५ वर्षांची वर्गणी लागते. एखाद्याने तिथे १० वर्षे आणि जर्मनीत २२ वर्षे काम केले. स्पेनचा कायदा एकटा पाहिला तर त्याला काहीच मिळायला नको. समन्वयाच्या नियमाने स्पेन ३२ वर्षे धरतो, १५ ची अट पुरी झाली असे मानतो, सगळी ३२ वर्षे स्पेनमध्येच झाली असती तर किती रक्कम झाली असती ते काढतो आणि तिचे ३२ पैकी १० भाग देतो. जर्मनी आपल्या २२ वर्षांचे देतो. कोणी कोणाचा भार उचलत नाही आणि कामगाराचा एक दिवसही वाया जात नाही. एखाद्या देशातला काळ वर्षाहून कमी असेल तर त्या देशाने एवढ्याशा रकमेचे स्वतंत्र निवृत्तिवेतन काढायचे नाही, बाकीच्या देशांनी तो काळ आपल्यात धरायचा.

बेकारीसाठी दोन दाखले आहेत. यू-१ म्हणजे मागच्या देशात किती काळ काम केले आणि विमा भरला याचे प्रमाणपत्र. कामगाराने ते आणले नसेल तर नवे कार्यालय जुन्या कार्यालयाकडून थेट मागवते. यू-२ म्हणजे भत्ता घेऊन दुसऱ्या देशात काम शोधायला जाण्याची परवानगी. त्यासाठी आधी चार आठवडे स्थानिक रोजगार कार्यालयात नोंद असावी लागते, नव्या देशात सात दिवसांत नाव नोंदवावे लागते, भत्ता तीन महिने चालतो आणि सहापर्यंत वाढवता येतो. मुदतीत परतले नाही तर उरलेला हक्क जाऊ शकतो, आणि लोक अडकतात ते बहुधा या तारखांवरच.

कार्यालयांमध्येच मतभेद झाला तर काय, याचेही उत्तर नियमात लिहून ठेवले आहे. कोणत्या देशाचा कायदा लागू यावर दोन संस्थांचे एकमत होईना, तर तोवर एक देश तात्पुरता जबाबदार ठरतो आणि लाभ चालू होतो. हिशेब मागाहून संस्था आपसात मिटवतात. आमच्या दृष्टीने या साऱ्या व्यवस्थेतले सर्वांत माणुसकीचे कलम हेच आहे.

दोषही आहेत, ते लपवून उपयोग नाही. दुसऱ्या देशात तात्पुरत्या कामावर पाठवलेल्या कामगारासाठी ए-१ नावाचा दाखला असतो: विमा मायदेशीच चालू आहे, इथे वर्गणी घेऊ नका. ज्या देशाने तो दिला त्याने मागे घेईपर्यंत दुसऱ्या देशाला तो मानावा लागतो. याचा फायदा घेऊन नावापुरत्या कंपन्या काढून, कमी वर्गणीच्या देशातून माणसे पाठवल्याचे दाखवण्याचे प्रकार झाले. २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयाने उघड फसवणुकीला अपवाद केला, त्याच वर्षी पाठवलेल्या कामगारांना समान मोबदला देण्याचा बदल झाला आणि २०१९ मध्ये संयुक्त तपासणीसाठी युरोपीय श्रम प्राधिकरण उभे राहिले (त्याचे मुख्यालय ब्रातिस्लाव्हा येथे आहे). खुद्द समन्वयाच्या नियमात आयोगाने डिसेंबर २०१६ मध्ये सुचवलेली दुरुस्ती मात्र देशांच्या भांडणात वर्षानुवर्षे अडकली. तरी रोज पेन्शनी निघत असतात, कारण मूळ नियम पक्का आहे.

आता आपल्या शहराकडे येऊ. दिवाळी उलटली की दाहोद, झाबुआ, अलीराजपूरकडची माणसे बडोद्याच्या कडियानाक्यांवर, म्हणजे गवंडी-मजूर रोजच्या कामासाठी उभे राहतात त्या चौकांत, आणि बांधकामांवर दिसू लागतात, भगोरिया (होळीआधीचा आदिवासी उत्सव) आणि होळीला गावी जातात, पुन्हा येतात आणि पेरणीआधी परततात. त्यांतले दाहोदचे लोक गुजरातचे. झाबुआ-अलीराजपूरचे मध्य प्रदेशचे. एकाच पाट्यावर सिमेंट कालवणाऱ्या दोघांपैकी एक कायद्याच्या लेखी आंतरराज्य स्थलांतरित असतो आणि दुसरा नसतो.

बांधकाम कामगारांसाठी १९९६ चा कायदा झाला. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर गोळा होतो, तो राज्याच्या कल्याण मंडळाकडे जातो, आणि १८ ते ६० वयाचा जो कामगार मागच्या बारा महिन्यांत निदान ९० दिवस बांधकामावर होता त्याची लाभार्थी म्हणून नोंदणी होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार श्रमसंहितांतही ९० दिवसांची अट कायम आहे. गुजरातेत याचे ई-निर्माण कार्ड मिळते. मध्य प्रदेशचे मंडळ वेगळे, त्याची नोंदणी वेगळी.

समजा अलीराजपूरच्या एका कडियाने वर्षात बडोद्याला ६५ दिवस, राजस्थानात कोट्याला ४० दिवस आणि नाशिकला ३० दिवस काम केले. एकूण १३५ दिवस, म्हणजे अट केव्हाच पुरी. पण कोणत्याही एका राज्यात ९० भरत नाहीत. दिवस सिद्ध करायला दाखला हवा, आणि ठेकेदार सहीला कचरतो, कारण सही केली की आपल्याकडे किती माणसे आहेत हे कागदावर येते, त्यामागून स्वतःची नोंदणी आणि उपकराचा हिशेब येतो. खरी नोंद असते ती मुकादमाच्या वहीत: नाव, गाव, पूर्ण दिवसाला एक रेघ, अर्ध्या दिवसाची अर्धी, आणि शेजारच्या रकान्यात घेतलेली उचल. हिशेब मिटला की ती वही कोणाच्याच कामाची उरत नाही. माणूस परांचीवरून पडून जायबंदी झाला, तर या वहीखेरीज त्याच्या कामाचा पुरावा नसतो.

काळ जोडण्याचे तत्त्व आपल्याला अनोळखी आहे असे नाही. १९९६ च्या कायद्यात कलम १४ ला स्पष्टीकरण होते: साठीआधी सलग तीन वर्षे लाभार्थी असण्याची अट मोजताना, आधी दुसऱ्या मंडळाकडे लाभार्थी असल्याचा काळ मिळवावा. युरोपचे तत्त्व एका वाक्यात आपल्या कायद्यात येऊन बसले होते. पण तो काळ कोणत्या कागदावर, कोणी, किती दिवसांत कळवायचा, आणि न कळवल्यास काय, हे ठरवणारी यंत्रणा त्याच्यामागे उभी राहिली नाही. युरोपात नियमाबरोबर अंमलबजावणीचा वेगळा नियम आहे, फॉर्म आहेत, प्रत्येक देशात संपर्क कार्यालय आहे. आपल्याकडे वाक्य होते आणि खिडकी नव्हती. नव्या संहितेत आंतरराज्य स्थलांतरिताला जिथे काम करतो त्या राज्याच्या बांधकाम निधीतून लाभ घेता येईल असे म्हटले आहे. ते स्वागतार्ह आहे. पण तिथेही त्याला आधी ९० दिवस सिद्ध करावे लागणार, म्हणजे मूळ गाठ तशीच राहते.

म्हणून गुजरात आणि मध्य प्रदेशच्या मंडळांनी आपसात करार करावा, अशी आमची मागणी आहे. आधी एक पानी ‘काम-काळ दाखला’ ठरवावा, गुजराती आणि हिंदीत: ई-श्रमचा (असंघटित कामगारांच्या केंद्रीय नोंदणीचा) बारा अंकी क्रमांक, कामाचा प्रकार (कडिया, सेंट्रिंग, सळई बांधणारा, रंगारी), कुठून कुठपर्यंत काम, प्रत्यक्ष दिवस, बांधकामाचा उपकर-नोंद क्रमांक. ठेकेदार सही देत नसेल तर हजेरी कार्ड, बँकेत किंवा फोनवर आलेल्या मजुरीच्या नोंदी आणि मुकादमाची वही यांवर श्रम निरीक्षकाने दाखला द्यावा. दुसऱ्या राज्यातला दाखला मागवण्याचे काम कामगाराचे नसावे, मंडळाने मंडळाकडून मागवावे. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर कामगाराने दिलेली माहिती तात्पुरती ग्राह्य धरून नोंदणी करावी. ही मुदत नसेल तर बाकी सगळे कागदावर राहील, हे आम्ही ठासून सांगतो.

लाभांची वाटणीही आधी लिहून ठेवायला हवी. अपघात, मृत्यू, बाळंतपण असे तातडीचे लाभ शेवटचे काम ज्या राज्यात होते त्याने द्यावेत, कारण उपकर तिथेच जमा झालेला असतो. या बाबतीत आपले काम युरोपहून सोपे आहे. उपकर इमारतीवर आहे, माणसाच्या मूळ गावावर नाही. त्यामुळे अलीराजपूरच्या कामगारावर बडोद्यात खर्च करणे म्हणजे गुजरातचे पैसे परक्याला देणे नव्हे. निवृत्तिवेतन प्रत्येक मंडळाने आपल्याकडच्या काळाच्या प्रमाणात द्यावे. मुलांच्या शिक्षणाची मदत मूल झाबुआच्या शाळेत आहे म्हणून नाकारू नये किंवा कापू नये. ऑस्ट्रियाने परदेशी राहणाऱ्या मुलांचा भत्ता त्या देशातल्या महागाईप्रमाणे कमी करून पाहिला, तो जून २०२२ मध्ये युरोपीय न्यायालयाने बेकायदा ठरवला: वर्गणी पूर्ण घेतली असेल तर भत्ताही पूर्ण द्यावा लागतो.

बनावट नोंदण्यांची भीती खरी आहे. पण एकच माणूस दोन मंडळांकडून एकाच गोष्टीचे पैसे घेतो ते मंडळे एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून. क्रमांक एक आणि ‘एका वेळी एकच मंडळ’ हा नियम असेल तर दुबार दावा पहिल्याच तपासणीत दिसतो.

हे होण्यासारखे आहे याचे पुरावे देशातच आहेत. रेशन कार्ड २०२२ पर्यंत सर्व राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत चालू लागले. भविष्य निर्वाह निधीचा सार्वत्रिक खाते क्रमांक (यूएएन) २०१४ पासून नोकरी बदलली तरी तोच राहतो. दोन्ही ठिकाणी योजना केंद्राच्या हातात होती, बांधकाम मंडळे राज्यांची आहेत, एवढाच फरक. तो मोठा आहे, म्हणूनच समन्वय हवा. ‘युरोप श्रीमंत आहे, त्यांना परवडते’ या आक्षेपात फारसा दम नाही. १९५८ साली सहा देश महायुद्धातून सावरत होते, भाषा चार होत्या, संगणक नव्हते आणि दाखले टपालाने जात.

आणखी एक अडथळा मनातला आहे. हरियाणाने ३० हजारांपर्यंतच्या खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिकांचा कायदा केला, तो नोव्हेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द ठरवला. गुजरातेतही उद्योगांनी ८५ टक्के स्थानिक घ्यावेत असा सरकारी ठराव १९९५ पासून आहे. स्थानिक तरुणाला काम मिळावे ही अपेक्षा योग्यच आहे, आणि त्यासाठी कौशल्य प्रशिक्षण, उमेदवारी, कामाच्या जागेपर्यंत बस असे उपाय आहेत. पण शेजारच्या राज्यातला मजूर हा घुसखोर असे एकदा मानले की त्याच्या नोंदी ठेवण्यात कोणत्याच कार्यालयाला रस उरत नाही. आणि नोंद नसलेला मजूर ठेकेदाराला स्वस्त पडतो. त्यामुळे नुकसान शेवटी दाहोदच्या, म्हणजे स्थानिक, मजुराचेही होते.

सुरुवात संपूर्ण देशापासून करू नये. युरोपीय नियमाआधीही दोन-दोन देशांचे करार होते आणि त्यांतूनच फॉर्म घडले. बडोदा जिल्हा एका बाजूला, झाबुआ आणि अलीराजपूर दुसऱ्या बाजूला, काम फक्त बांधकामाचे, एवढ्यावर एक हंगाम चालवून पाहावा. करार पावसाळ्यात करावा, म्हणजे मजूर गावी असताना ग्रामपंचायतीतच ई-श्रम क्रमांक आणि जुन्या नोंदी तपासून घेता येतील. दिवाळीनंतर पहिले दाखले बडोद्यात निघावेत. होळीला किती दाखले मागितले, किती तीस दिवसांत आले आणि किती नोंदण्या तात्पुरत्या कराव्या लागल्या, हे तीन आकडे दोन्ही मंडळांनी जाहीर करावेत. आपल्या वर्तमानपत्राने ते दरवर्षी मागून छापावेत, अशी विनंती आहे.

आपले,
सामाजिक सुरक्षा व कामगार कायद्याचे काही अभ्यासक,
बडोदा